संथ खेळाची वऱ्हाडी गोडी

नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर २ मार्च २०२५ ला, रविवारी, रणजी करंडकाचा अंतिम सामना थांबला तेव्हा विदर्भाचा दुसरा डाव ९ बाद ३७५ वर होता. अकोला क्रिकेट क्लबचा दर्शन नळकांडे ५१ वर नाबाद होता. त्याचं अर्धशतक झालं आणि विदर्भ-केरळच्या कर्णधारांनी हात मिळवले. पाच दिवस खेळून सामना अनिर्णित. पहिल्या डावात विदर्भाच्या ३७९ आणि केरळच्या ३४२ धावा झाल्या होत्या, त्यामुळे ३७ धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाकडे आला. क्रिकेट मुळातच रटाळ आहे असं म्हणणाऱ्याला याहून मोठा पुरावा कुठे मिळणार? पाच दिवस घाम गाळायचा, कोणी कोणाला हरवायचं नाही, आणि तरी एकाच्या हाती करंडक!

पानठेल्यावरचा हा वाद फार जुना आहे. अकोल्यापुरतं मागे वळून पाहिलं तर मात्र एक गोष्ट ठळक दिसते. इथल्या माणसाला लांबलचक क्रिकेटचा कंटाळा होता, तो त्यात आपलं कोणी नव्हतं तोवर. ओळखीचा पोट्टा मैदानात उतरला आणि निर्धाव षटकंसुद्धा जिवाला लागू लागली. खेळ तोच राहिला, संथही तेवढाच राहिला. गेल्या आठ-नऊ वर्षांत पाहणाऱ्याचं त्याच्याशी नातं बदललं.

आधीच्या पिढ्यांचा कंटाळा खोटा नव्हता. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासच्या कसोटीत नाशिकच्या बापू नाडकर्णींनी इंग्लंडला टाकलेली षटकं पाहा: ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, विकेट एकही नाही. त्यात लागोपाठ २१ षटकं निर्धाव, सलग १३१ चेंडूंवर धाव नाही. गोलंदाजाच्या अचूकपणाला दाद द्यावी तेवढी थोडीच, पण हे रेडिओवर ऐकणाऱ्याच्या धीराचं काय झालं असेल! बाळ ज. पंडितांनी क्रिकेटचं धावतं वर्णन मराठीत आणलं, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मैदान उभं केलं, पण जिथे काही घडतच नव्हतं तिथे उत्तम समालोचकही किती रंग भरणार?

पुढे ७ जून १९७५ ला पहिल्या विश्वचषकाच्या पहिल्याच दिवशी लॉर्ड्सवर इंग्लंडने ६० षटकांत ३३४ धावा केल्या, आणि उत्तरादाखल सुनील गावसकर पूर्ण ६० षटकं उभे राहून १७४ चेंडूंत ३६ वर नाबाद परतले. भारताच्या धावा ३ बाद १३२. त्या खेळीचं समर्थन आजवर कोणाला नीटसं जमलेलं नाही, आणि ते करायचा अट्टहासही नको. १९८६-८७ मध्ये पाकिस्तानचा संघ भारतात आला तेव्हा पाचपैकी पहिल्या चार कसोट्या अनिर्णित राहिल्या. मेलेल्या खेळपट्ट्या, पराभवाची धास्ती, आणि दोन्ही बाजूंनी वेळ काढणं. असं क्रिकेट कंटाळवाणं होतं, हे क्रिकेटवर जीव असणाऱ्यानेच आधी म्हणायला हवं.

त्याच काळात अकोल्यात मोर्णेच्या काठी मात्र वेगळंच क्रिकेट चालू होतं. असदगड किल्ल्याच्या आणि राजराजेश्वराच्या मंदिराच्या आसऱ्याने वसलेल्या जुने शहर भागात गल्ल्या अरुंद, घरं एकमेकांना खेटून. तिथे चौकार-षटकार मारायला जागाच नाही. म्हणून नियम जागेने ठरवले. चेंडू कोणाच्या घरात गेला की आउट. नालीत गेला तर ज्याने मारला त्यानेच काढायचा. एक टप्पा घेऊन एका हाताने झेल पकडला तरी आउट. भिंतीला लागून आलेला झेल धरायचा की नाही यावर भांडण, आणि ते मिटेस्तोवर खेळ बंद. बॅट ज्याची, पहिला डाव त्याचा. वैशाखात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे खेळ सकाळी उन्हं चढायच्या आत, नाहीतर दिवस कलल्यावर. मधले सहा-सात तास गल्ली ओस.

या खेळात कंटाळा यायला सवडच नसते. दहा मिनिटांत प्रत्येकाची पाळी येते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की आडवा फटका मारला की घरात, म्हणजे आउट. सरळ बॅटने, जमिनीलगत, गल्लीच्या लांबीतच मारायचं. प्रशिक्षक वर्षानुवर्षं घसा फोडून जे शिकवतो ते अरुंद गल्ली फुकटात शिकवून जाते. गल्लीतून खऱ्या मैदानावर, टेनिस बॉलवरून लेदर बॉलवर जाणारे थोडेच असतात, पण जे जातात त्यांच्याकडे ही शिदोरी असते.

वऱ्हाडाच्या जवळ मोठं क्रिकेट आलं ते नागपुरात, आणि त्यातला सर्वात मोठा दिवस ३१ ऑक्टोबर १९८७. विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्माने रदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफील्ड यांचे लागोपाठ त्रिफळे उडवले. विश्वचषकातली ही पहिली हॅटट्रिक. गटात पहिलं यायचं आणि उपांत्य सामना घरच्या मैदानावर खेळायचा, तर २२२ धावा झपाट्याने करणं भाग होतं. भारताने त्या ३२.१ षटकांत एकच गडी गमावून केल्या. श्रीकांत ७५, आणि अंगात ताप असलेले गावसकर ८८ चेंडूंत नाबाद १०३. एकदिवसीय सामन्यांतलं त्यांचं हे एकमेव शतक. लॉर्ड्सवर ज्यांनी लोकांना जांभया आणल्या, त्यांनीच बारा वर्षांनी नागपूरला उभं केलं. माणूस तोच, तंत्रही तेच. एकाच फलंदाजाच्या दोन डावांत इतकं अंतर असू शकतं, तर अख्ख्या खेळावर एका शब्दात शिक्का कसा मारायचा?

पण नागपूरच्या त्या जल्लोषात विदर्भाचा खेळाडू कुठे होता? १९५७-५८ पासून विदर्भ रणजीत खेळत होता. त्याआधी मध्य प्रांत आणि वऱ्हाड या नावाचा संघ होता. दशकामागून दशकं गेली, संघ बहुतेक वेळा गटातच गारद होत राहिला. प्रशांत वैद्य १९९५ मध्ये भारताकडून एकदिवसीय सामने खेळला, उमेश यादवने २०११ मध्ये कसोटी पदार्पण केलं, ही मोजकी नावं. रणजीचा निकाल वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत यायचा. अकोल्याच्या वाचकाने त्या चार ओळींवरून नजर पुढे सरकवली तर त्याला दोष कसा द्यायचा? हा काळ भरभर सांगून संपवावा असाच आहे.

२०१७-१८ च्या हंगामाने सगळं पालटलं. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, फैज फजल कर्णधार, संघात मुंबईहून आलेला वसीम जाफर. कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकला १९८ हवे होते. ते १९२ वर आटोपले, विदर्भ ५ धावांनी जिंकला, रजनीश गुरबानीने दुसऱ्या डावात ७ बळी घेतले. मग इंदूरला दिल्लीविरुद्ध अंतिम सामना. त्या सामन्यात अकोल्याचा १९ वर्षांचा आदित्य ठाकरे प्रथम श्रेणीत पदार्पण करत होता. पहिलाच सामना, तोही रणजीचा अंतिम! नव्या चेंडूने त्याने दिल्लीचा सलामीवीर शून्यावर बाद केला. गुरबानीने हॅटट्रिक घेतली, अक्षय वाडकरने १३३ केल्या, आणि १ जानेवारी २०१८ ला, रणजीत उतरल्याला साठ वर्षं होत असताना, विदर्भाने पहिल्यांदा करंडक उचलला. काही दिवसांतच आदित्यला १९ वर्षांखालील विश्वचषकासाठी भारतीय संघात बोलावणं आलं. त्याच हंगामात १९ वर्षांखालच्या कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात अकोल्याच्या अथर्व तायडेने मध्य प्रदेशविरुद्ध ३२० धावा ठोकल्या.

तीनशे वीस धावा करायला किती वेळ मैदानात उभं राहावं लागतं याचा विचार करा. ज्या खेळाला लोक रटाळ म्हणतात, त्यातच ही खेळी शक्य होते.

पुढच्या हंगामात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विदर्भाने पुन्हा रणजी जिंकली. त्यानंतरचा शेष भारताविरुद्धचा इराणी करंडकही विदर्भाचाच, पण त्याचा शेवट चुटपुट लावणारा होता. २८० चं लक्ष्य, विदर्भ ५ बाद २६९, अथर्वच्या ७२. अकरा धावा बाकी असताना दोन्ही संघांनी हात मिळवले, कारण पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक नक्की होता. खेळ कंटाळवाणा ठरतो तो अशा वेळी. अकरा धावा करून जिंकायला काय हरकत होती, असं विचारणाऱ्या प्रेक्षकाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

मात्र याच संथ खेळाने मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर रणजीच्या अंतिम सामन्यात जे दाखवलं ते वीस षटकांच्या खेळात कधीच दिसणार नाही. मुंबईने विदर्भापुढे ५३८ चं अशक्य लक्ष्य ठेवलं होतं. पाचव्या सकाळी सामना तासाभरात संपेल असं वाटत होतं. कर्णधार अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे यांनी उपाहारापर्यंत एकही गडी पडू दिला नाही. वाडकरने शतक केलं, हर्षने ६५. शेवटी विदर्भ १६९ धावांनी हरला, पण त्या सकाळी ते दोघे एकेक षटक खेळून काढत असताना मुंबईच्या क्षेत्ररक्षकांच्या चेहऱ्यावर काळजी उमटलेली होती. तिथे धावफलक संथ सरकत होता, पण डोळे हटत नव्हते.

आता दुसरी बाजू. आयपीएलने वऱ्हाडातल्या पोट्ट्यांना घराघरात नेलं, यात शंका नाही. ८ एप्रिल २०२२ ला ब्रेबॉर्नवर दर्शन नळकांडे गुजरातकडून पहिला आयपीएल सामना खेळला आणि लागोपाठच्या चेंडूंवर दोन बळी घेतले. त्यातला पहिला बळी पंजाबचा जितेश शर्मा, म्हणजे अमरावतीचा. शंभरेक किलोमीटरवरचे दोन शेजारी मुंबईत समोरासमोर! याच दर्शनने त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकच्या डावाच्या शेवटच्या षटकात चार चेंडूंत चार बळी घेतले होते. विदर्भ तो सामना चार धावांनी हरला, म्हणून तो पराक्रम जेवढा गाजायला हवा तेवढा गाजला नाही.

१७ मे २०२३ ला धर्मशाळेत पंजाबपुढे दिल्लीचं २१४ चं लक्ष्य होतं. अथर्व तायडे ४२ चेंडूंत ५५ वर खेळत होता. पंधरा षटकं झाली आणि त्याला ‘रिटायर्ड आउट’ करून परत बोलावलं गेलं, कारण धावा पुरेशा वेगाने येत नव्हत्या. अर्धशतक करून बसलेला, नजर बसलेला फलंदाज! अकोल्याचा अथर्व आत आला आणि अमरावतीचा जितेश मैदानात गेला. जितेश शून्यावर बाद झाला. पंजाब १५ धावांनी हरला. गणिताने तो निर्णय चुकीचा होता असं म्हणता येत नाही, पण फलंदाजाला अर्ध्यावरून उठवणाऱ्या खेळात काहीतरी मोलाचं हरवतं, हे त्या रात्री वऱ्हाडात सामना पाहणाऱ्या प्रत्येकाला जाणवलं असणार. आणि आता आयपीएलचे ७४ सामने असतात. रोज संध्याकाळी षटकार, रोज फटाके. अतिरेकाचाही कंटाळा येतो, आणि तो निर्धाव षटकांच्या कंटाळ्याहून लवकर येतो. जितेशने २७ मे २०२५ ला लखनौविरुद्ध ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा केल्या, बंगळुरूने २२८ चं लक्ष्य गाठलं, तो डाव लोकांच्या लक्षात राहील. त्याच हंगामातले इतर कितीतरी सामने आत्ताच कोणाला आठवत नाहीत.

म्हणून पुन्हा जामठ्याच्या त्या अनिर्णित सामन्याकडे वळायला हवं. केरळ तिथे पोचलं होतं तेच मुळी थरारातून: उपांत्य सामन्यात गुजरातवर पहिल्या डावात अवघ्या दोन धावांची आघाडी, तीही क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटवर आदळून उडालेल्या झेलामुळे. अंतिम सामन्यात विदर्भ ३ बाद २४ असताना दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ ची भागी केली, दानिशच्या १५३. केरळकडून खेळणारा आदित्य सरवटे हा पूर्वी विदर्भालाच करंडक जिंकून देणारा, त्याने ७९ केल्या. कर्णधार सचिन बेबी ९८ वर असताना मोठा फटका मारायला गेला आणि करुणच्या हाती झेल देऊन बसला. त्या एका फटक्याने तीन दिवसांची मेहनत पाण्यात गेली. केरळच्या त्या डावात दर्शनने तीन बळी घेतले होते. हर्ष दुबेचे हंगामातले ६९ बळी हा रणजीतला विक्रम ठरला.

असे सामने पाहायला मिळतात का, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. रणजीचे मोजकेच सामने पडद्यावर दिसतात. बाकीचे मोबाइलवर धावसंख्येच्या आकड्यांतच पाहायचे. अकोल्याच्या घरी अकोल्याच्या खेळाडूचा चेंडू वळताना दिसू नये, हे बदलायला हवं, आणि त्यासाठी फार खर्च येतो असंही नाही.

अथर्वची गोष्ट पुढे सरकते आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध नागपूरला त्याने १४३ केल्या. या वेळी आघाडीवर समाधान नव्हतं, विदर्भ ९३ धावांनी जिंकला. जानेवारी २०२६ मध्ये बंगळुरूला विजय हजारे करंडकाच्या अंतिम सामन्यात त्याने ११८ चेंडूंत १२८ धावा केल्या, विदर्भाने सौराष्ट्राला ३८ धावांनी हरवलं आणि पन्नास षटकांचा हा करंडक पहिल्यांदा जिंकला. धर्मशाळेत ज्याला मध्येच परत बोलावलं होतं, त्याला इथे आपला डाव आपल्या चालीने बांधता आला.