काळ्या दगडाचं, पांढऱ्या मातीचं घर

मेहकरच्या आसपासच्या खेड्यांत धाब्याची घरं तुम्ही पाहिली असतील. बाहेरून दिसतात रांगडी, पण बांधणी मोठी हुशार!

भिंतीचा दगड काळा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला तो लाव्हारस. आपलं लोणारचं सरोवर याच दगडात आहे. दगड जोडायला माती मात्र पांढरी. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. भिंतीला ती काय कामाची? म्हणूनच शेताला 'काळी' आणि वस्तीला 'पांढरी' म्हणतात.

भिंत दोन-दोन फूट जाड, त्यामुळे वैशाखातलं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. आत लाकडी खांब. चार खांबांमधली जागा म्हणजे एक खण. घर किती मोठं, ते खणांवर सांगायचं! धान्यासाठी बळद असे. धाब्यावरच्या तोंडातून ज्वारी ओतायची आणि खालच्या भोकातून हवी तेवढी काढायची.

वर तुळया, त्यांवर कड्या, फळ्या, झाडपाला आणि मातीचा थर. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी नवी माती टाकायची. इथंच खरी गोम आहे. जुनी माती न काढता नवी पडत गेली की छताचं ओझं वाढतं.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला. हजारो माणसं दगडमातीच्या घरांखाली गेली. अशी भिंत बहुधा दोन पदरांची असते. आतला, बाहेरचा आणि मधे भर. हादऱ्यानं पदर सुटले, भिंती ढासळल्या. काही घरांत मात्र भिंती पडूनही लाकडी सांगाडा उभा राहिला.

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या दगडी शेतघरांत आणि गोठ्यांत दोन्ही पदरांना जोडणारे लांब दगड घालत. काहींची टोकं आजही बाहेर डोकावतात. किल्लारीनंतर आपल्याकडेही जुन्या भिंतींना असे आरपार सांधे घालायचे आणि छतावरची जादा माती उतरवायची, हे उपाय सांगितले गेले.

ही घरं सरसकट पाडावीत, हे मला पटत नाही. पण 'पणजोबांपासून उभं आहे' म्हणून बिनघोर झोपणंही बरं नव्हे. तुमचं घर धाब्याचं असेल तर बाबांना विचारा, वरची माती किती जाड आहे? भिंतीत आरपार दगड आहे का? नसेल, तर जाणत्या गवंड्याला किंवा इंजिनिअरला पावसाळ्याआधी एकदा घर दाखवायला सांगा.