जुन्या लष्करी रायफली व विश्वासाचा कारागीर

जुन्या घराण्यांचीं दप्तरें पाहण्यास गांवोगांव जाणें होतें, तेव्हां कागदांच्या रुमालांबरोबर माळ्यावर ठेवलेली एखादी गंजलेली लष्करी रायफलहि पुष्कळदां दृष्टीस पडते. कागद दाखवून झाल्यावर घरधनी हळूच विचारतात, "ही नीट करून देईल असा विश्वासाचा कारागीर तुमच्या माहितींत आहे काय?" हा प्रश्न लोहारकामाचा आहे, आमचा नव्हे, असें समजून आम्ही तो आजवर टाळीत आलों. पुढील प्रसंगानें आमची ती समजूत दूर झाली.

एका घरीं मार्टिनी-हेन्री जातीची रायफल होती. घरधन्यांचे पणजोबा पलटणींत होते. त्याच पलटणींतील ही बंदूक, सरकारनें जुनी म्हणून विकली तेव्हां त्यांनीं घेतली, अशी घरांतील परंपरा. दस्त्याच्या लोखंडी पट्टीवर पुसट अक्षरें व आंकडे दिसत होते. परंतु दिवेलागण झाली होती, म्हणून ठसा पुढच्या खेपेस घेऊं असें म्हणून आम्ही निघालों. पुढच्या खेपेस पाहतों तों बंदूक आरशासारखी लखलखीत! जवळच्या एका कारागिरानें लोखंडास कानस लावली होती, लांकूड तासून त्यावर रोगण चढविलें होतें. घरधनी प्रसन्न होते. अक्षरांचा मात्र मागमूस उरला नव्हता. परंपरा खरी कीं खोटी हें सांगणारा जो एकच साक्षीदार, त्याचें तोंड कायमचें बंद झालें. यांत कारागिराचा दोष अर्धा. दिवा मागवून त्याच संध्याकाळीं ठसा न घेणाऱ्या आमचा दोष अर्धा.

रायफलीवरील खुणा म्हणजे पोथीची पुष्पिकाच होय. ब्रिटिश फौजेनें मार्टिनी-हेन्री १८७१ त स्वीकारली. पुढें ली-मेटफर्ड १८८८ त व ली-एन्फील्ड १८९५ त आली. मार्टिनीच्या खटक्याच्या पेटीवर उजव्या अंगास राजमुकुट, राज्यकर्त्याचीं आद्याक्षरें, कारखान्याचें नांव, साल व नमुन्याचा आंकडा असतो; ली-एन्फील्डवर हाच मजकूर दस्ता जेथें लोखंडांत बसतो त्या जागीं सांपडतो. रुंद बाणाची खूण सरकारी मालकीची. तेच दोन बाण टोंकास टोंक लावून उमटविलेले असतील तर बंदूक सरकारनें विकली असें समजावें. 'डी. पी.' हीं अक्षरें असतील तर ती केवळ कवाइतीची, बार काढण्यास अयोग्य ठरविलेली. ली-एन्फील्डच्या बोल्टावरील व पेटीवरील अनुक्रमांक जुळले तर ते भाग मूळचे एकत्र आहेत असें मानण्यास आधार मिळतो. पोथीच्या पानांचे आंकडे आपण पाहतों तसेंच हें.

बनावट सनदा असतात तशा बनावट रायफलीहि असतात. वायव्य सरहद्दीवरील दर्रा आदम खेल येथील कारागिरांनीं मार्टिनी व ली-एन्फील्ड यांच्या हुबेहूब नकला केल्या, त्या ठशांसकट. परंतु ठसा उमटविणारास इंग्रजी अक्षरओळख नसली कीं एखादें अक्षर उलटें पडतें. किंवा राणी व्हिक्टोरिया १९०१ च्या जानेवारींत वारली असतां तिचीं आद्याक्षरें १९०५ सालच्या शेजारीं येऊन बसतात. मृत मनुष्याच्या शिक्क्याची सनद ओळखणाऱ्या आमच्या वाचकांस याहून अधिक सांगणें नलगे. मात्र उलटें पडलेलें तें अक्षर कानशीखालीं गेलें तर खरें व खोटें दोन्ही सारखेंच मुकें होतें.

नळी आंतून गुळगुळीत दिसली म्हणजे ती झिजली, असेंहि घाईनें ठरवूं नये. १८५७ च्या उठावानंतर हिंदी शिपायांस दिलेल्या १८५८ च्या नमुन्याच्या बंदुकींत एन्फील्डच्या पेचदार खांचा मुद्दामच ठेवल्या नव्हत्या. पुढें इशापूरच्या कारखान्यांत ३०३ च्या कांहीं रायफली ४१० च्या, गुळगुळीत नळीच्या व एकबारी अशा करण्यांत आल्या. अशी नळी 'सुधारून' देणारा कारागीर राज्यकर्त्यांच्या अविश्वासाचा लेखी पुरावाच नष्ट करतो.

आतां कायद्याविषयीं. पुष्कळ संग्राहकांची समजूत अशी कीं वस्तु शंभर वर्षांची झाली म्हणजे परवान्याचें कारण उरत नाहीं. ही समजूत चुकीची आहे. १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांची वस्तु पुराणवस्तु ठरते. परंतु तेवढ्यानें ती शस्त्र राहात नाहीं असें नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचें ४५ वें कलम कालबाह्य, पुराणवस्तु म्हणून मोलाच्या किंवा मोडक्या हत्यारास सूट देतें. पण दुरुस्त करून वा न करतां, कोणत्याहि रीतीनें तें बार काढण्यास उपयोगी पडणारें नसेल तरच. म्हणजे बंदूक चालती करून देण्याचें वचन जो देतो, तो आपली सूटच संपुष्टांत आणतो. ३०३ बोअरची रायफल तर निषिद्ध बोअरमध्यें मोडते. दुरुस्ती करणारासहि ५ व्या कलमाखालीं परवाना लागतो. ८ व्या कलमानें नांव, क्रमांक किंवा ओळखीची खूण पुसणें हा अपराध आहे; आणि खूण पुसलेलें हत्यार ज्याच्या ताब्यांत, त्यानेंच ती पुसली, असें अन्यथा सिद्ध होईपर्यंत गृहीत धरलें जातें. पूर्वोक्त घरधन्यांस हें कळलें तेव्हां त्यांची प्रसन्नता मावळली. म्हणून घरांत अशी बंदूक सांपडतांच प्रथम जिल्हादंडाधिकारी अथवा पोलीस आयुक्त यांच्या कचेरींत तिची स्थिति कळवून लेखी निर्णय घ्यावा, कारागीर त्यानंतर.

परवानाधारक कारागीर कोण, याची चौकशी त्याच कचेरींत करावी. रायफल क्लबांतील जुन्या मंडळींसहि विचारावें. ज्याचें नांव निघेल त्यानें पूर्वी केलेलें काम स्वतः पाहावें. नंतर त्याच्या पेढीवर जाऊन बसावें व तो काय करतो तें न्याहाळावें. जाणता मनुष्य प्रथम बंदूक रिकामी आहे ना तें पाहतो, मग खुणा वाचतो, आणि हत्यारास हात सर्वांत शेवटीं घालतो. स्क्रूच्या खांचेंत बरोबर बसेल असा पेचकस त्याच्यापाशीं असतो. जुने आटे आजच्या स्क्रूंशीं जुळत नाहींत हें त्यास ठाऊक असतें, म्हणून तो भोंक मोठें करून नवा स्क्रू ठोकीत नाहीं.

एक प्रश्न अवश्य विचारावा : १९०७ च्या, तिसऱ्या नमुन्याच्या ली-एन्फील्डचा दस्ता कसा उतरवाल? "मागून लांब पेचकस घालून" एवढेंच उत्तर आलें तर नमस्कार करून परतावें. त्या लांब स्क्रूचें चौकोनी टोंक पुढच्या लांकडाच्या मागील कडेस बसविलेल्या पत्र्यांत अडकलेलें असतें. पुढचें लांकूड आधीं न उतरवितां स्क्रू फिरविला तर तें लांकूड चिरतें.

काम कोणतें सांगावें, हेंहि ठरलेलें असावें. तेल लावून गंज मऊ होऊं द्यावा व सावकाश निपटून काढावा. कानस व वाळूकागद वर्ज्य. लांकडास जवसाच्या कच्च्या तेलाचा पातळ हात पुरे. जुन्या काडतुसांच्या टोपींतील क्षार नळींत राहून ती आंतून खातात; याचसाठीं फौजेंत बार काढल्यावर नळींत कढत पाणी ओतीत. तरवारीस ओप देणें हें शिकलगाराचें भूषण खरें; पण रायफलीच्या बाबतींत तोच ओप घातक होय. बदललेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी बांधून परत मागावा आणि पावतीवर क्रमांक, खुणा व केलेलें काम लिहून घ्यावें. त्यापूर्वीं आपण स्वतः प्रत्येक खुणेचें छायाचित्र व पेन्सिलीनें कागदावर घेतलेला ठसा दप्तरांत ठेवावा.

फाटक्या कागदावरील अक्षर स्वच्छ दिसावें म्हणून त्यावर नव्या शाईनें गिरविणारास आपण दप्तरास हात लावूं देत नाहीं. लोखंडाच्या कागदासहि तोच नियम लावावा. "येवढें करीन, याहून अधिक करणार नाहीं," असें जो आपण होऊन सांगतो, तोच कारागीर विश्वासाचा समजावा.