पडद्यावरील छत्रपती आणि शिवनेरीचे कागद

दूरचित्रवाणीवरील ऐतिहासिक मालिकांची पारख बहुधा पोशाख, दागिने आणि भाषा यांवरून केली जाते. परंतु उपलब्ध कागदांशी कथानक विसंगत ठरते काय, आणि कागद जेथे काही सांगत नाहीत तेथे रचलेला प्रसंग प्रेक्षकाला रचलेला म्हणून ओळखता येतो काय, हे प्रश्न त्याहून महत्त्वाचे आहेत. जुन्नर-आंबेगाव परिसराशी या प्रश्नांचा संबंध जवळचा आहे. शिवाजी महाराजांचे जन्मस्थान शिवनेरी येथेच आहे, आणि ‘राजा शिवछत्रपती’ (2008) व ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ (2017–2020) या मालिकांत पिता-पुत्र छत्रपतींच्या भूमिका करणारे डॉ. अमोल कोल्हे नारायणगावचे आहेत.

फाल्गुन वद्य 3, शके 1551 (19 फेब्रुवारी 1630) ही शिवजन्माची तिथी जेधे शकावलीत, म्हणजे कारीच्या जेधे देशमुख घराण्याने जपलेल्या वर्षवार नोंदींत, आढळते आणि परमानंदाच्या ‘शिवभारत’ या समकालीन संस्कृत काव्याने तिला दुजोरा मिळतो. गडावरील बालपणाविषयी मात्र समकालीन साधने फारच त्रोटक आहेत, त्यामुळे तेथील मायलेकरांचे संवाद पटकथाकाराने रचावेत, यात गैर काही नाही. गैर आहे ते ज्ञात घटना झाकणे. 1636 च्या तहानंतर निजामशाही बुडाली आणि पुढे जुन्नर मोगलांच्या अमलाखाली गेले. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी रात्री दोरांच्या शिड्या लावून जुन्नर शहर लुटले, पण गड हाती लागला नाही. 1675 मध्ये जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य येथे आला, तेव्हाही शिवनेरीवर मोगलांचाच अंमल होता. स्वराज्याच्या संस्थापकाचे जन्मस्थान त्याच्या हयातीत स्वराज्यात येऊ शकले नाही, या सत्यात जे नाट्य आहे ते कोणत्याही कल्पित चमत्कारात सापडणार नाही.

संभाजी महाराजांच्या चित्रणाचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. त्यांना व्यसनी व उच्छृंखल ठरवणाऱ्या नाटकांमागे मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीचा मोठा प्रभाव होता. ही बखर (म्हणजे गद्य इतिहासकथन) घटनांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली, आणि लेखकाचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांनीच देहान्त शासन दिले होते. वा. सी. बेंद्रे यांचे 1960 मधील चरित्र आणि त्यानंतर कमल गोखले यांचे संशोधन यांनी हे चित्र पालटले, आणि ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ मालिकेने ते पालटलेले चित्र घरोघरी पोहोचवले, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि निष्कलंक नायक घडवण्याच्या ओढीत उलट दिशेची चूक संभवते: डिसेंबर 1678 मध्ये संभाजी महाराज मोगल सरदार दिलेरखानाकडे गेले, ही घटना पितापुत्रांनी संगनमताने केलेली चाल म्हणून मांडायची, तर तसे सांगणारा निर्विवाद समकालीन कागद हवा.

रचलेले काय, हे प्रेक्षकाला सांगण्याचा प्रश्न परदेशातही आला: ‘द क्राउन’ या ब्रिटिश राजघराण्यावरील मालिकेच्या झलकीला 2022 मध्ये ती काल्पनिक नाट्यरूपांतर असल्याची टीप जोडावी लागली. इकडे नारायणगाव ही तमाशाची पंढरी. फडावरचा ऐतिहासिक वग नाट्य म्हणूनच पाहण्याची सवय या भागाला जुनी आहे, परंतु खऱ्या स्थळांची नावे आणि निवेदकाचा गंभीर स्वर घेऊन येणारी मालिका इतिहास म्हणूनच स्वीकारली जाते. तेव्हा क्षणभर झळकणाऱ्या सरसकट सूचनेऐवजी, त्या भागातील कोणता प्रसंग शकावलीतून, कोणता बखरीतून आणि कोणता पटकथेतून आला, हे प्रत्येक भागाच्या अखेरीस नावानिशी दाखवले जावे.