तीन लूप, तीन कंट्रोलर : मॉडेल रेल्वेच्या रुळांना वीज कशी द्यावी?

हॉस्टेलच्या जिन्याखाली जे मोठे टेबल उभे करून ठेवले आहे ना, ती गॅदरिंगची मॉडेल रेल्वे आहे. पुढच्या वर्षी ते टेबल ज्युनिअर्सकडे जाणार. इंजिनं तीनच आहेत आणि एक जळालं तर दुसरं घ्यायला वर्गणी पुन्हा कोण देणार? म्हणून हा लेख. (मेकॅनिकलवाल्यांनीही वाचायला हरकत नाही.)

आधी एक घोळ मिटवू. नांदेड स्टेशनवर 'लूप लाईन' म्हणतात ती मेन लाईनच्या बाजूची, गाडी थांबवून ठेवायची लाईन. मॉडेलमधला लूप म्हणजे गोल फिरून परत तिथेच येणारा रूळ. असे तीन, एकात एक. आपले रूळ एचओ स्केलचे, म्हणजे १:८७. रुळांमधलं अंतर १६.५ मि.मी. गुणाकार केला तर १४३५ मि.मी. येतात, म्हणजे युरोपातला गेज. आपला ब्रॉडगेज १६७६, तो या हिशोबाने १९ मि.मी.च्या वर जायला हवा. पण तसे रूळ बाजारात मिळत नाहीत, चालायचंच. गंमत म्हणजे लातूरची जुनी बार्शी लाईट रेल्वे ७६२ मि.मी.ची होती. तिचे मॉडेल ९ मि.मी.च्या तयार रुळावर जवळजवळ बरोबर बसते!

आता वीज. एक रूळ प्लस, दुसरा मायनस, १२ व्होल्ट डीसी. चाकांतून करंट मोटरला जातो. पोलॅरिटी उलटी केली की गाडी उलटी. इथे खऱ्या रेल्वेची बरोबर उलट गोष्ट आहे. तिथे ट्रॅक सर्किट असते तेव्हा डब्याचा लोखंडी ॲक्सल दोन्ही रूळ शॉर्ट करतो, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. म्हणजे शॉर्ट व्हावा हीच इच्छा! मॉडेलमध्ये मात्र चाक ॲक्सलपासून इन्सुलेट केलेले असते, नाहीतर गाडी ठेवताक्षणी सप्लाय बसला.

गेल्या वर्षी बाहेरच्या लूपवर गाडी समोर झकास पळायची आणि मागच्या बाजूला दम लागल्यासारखी रेंगाळायची. सगळे मोटरला दोष देत होते. हिशोब करून बघा. लूप ८ मीटर, वायर एकाच जागी जोडलेली. सर्वांत लांबची जागा दोन्हीकडून ४ मीटरवर. रूळ निकेल सिल्व्हरचा, त्याचा रेझिस्टन्स मीटरला ०.१ ओहम धरू. एका बाजूने ०.४, दोन बाजू पॅरलल म्हणून ०.२, आणि जाऊन-येऊन दोन रूळ म्हणून ०.४ ओहम. हे फार नाही. खरा चोर म्हणजे फिशप्लेट. काळ्या पडलेल्या एका जोडाला ०.१ ओहम धरा आणि एका बाजूला दहा जोड. त्याच पद्धतीने आणखी १ ओहम होतो. एकूण १.४. इंजिन अर्धा ॲम्पिअर घेत असेल तर ०.७ व्होल्ट वाटेतच गेले. गाडी सावकाश चालवायला ५ व्होल्ट दिले असतील तर हा सातवा हिस्सा झाला, मग ती रेंगाळणारच.

उपाय सोपा आहे. टेबलाखालून घरगुती वायरिंगची १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर फिरवायची, प्रत्येक लूपला लाल-काळी जोडी. तिचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.०१२ ओहम. या बसपासून दर मीटरभर अंतरावर बारीक वायरचे तुकडे वर नेऊन रुळाच्या बाहेरच्या अंगाला डाग द्यायचा. आतल्या अंगाला दिला तर चाकाची कड त्यावर चढते. फिशप्लेटवर फक्त रूळ सरळ धरण्याचे काम सोडा. बस पूर्ण गोल जोडायची गरज नाही.

आता तीन लूप. प्रत्येकाला वेगळा कंट्रोलर असेल तरच तीन गाड्या वेगवेगळ्या स्पीडने चालतील. वायर वाचवायला एक रूळ तिन्ही लूपना कॉमन ठेवतात. यालाच कॉमन रेल म्हणतात. पण मग तिन्ही कंट्रोलरना ट्रान्सफॉर्मरची वेगवेगळी सेकंडरी पाहिजेच. एकाच सप्लायवर तिघे बसवले आणि एकाने गाडी पुढे, दुसऱ्याने मागे घेतली, तर कॉमन रुळाला एकीकडून प्लस आणि दुसरीकडून मायनस लागतो. म्हणजे सरळ डेड शॉर्ट. माझं मत विचाराल तर कॉमन रेलच्या भानगडीत पडूच नका. चार मीटर वायर महाग नाही.

एका लूपमधून दुसऱ्यात जायला क्रॉसओव्हर आहे. त्याच्या मधोमध दोन्ही रूळ कापून प्लॅस्टिकचे जोड घालायचे. गाडी पार होताना चाकं क्षणभर दोन्ही सप्लाय जोडतात, म्हणून त्या वेळी दोन्ही कंट्रोलर एकाच दिशेला आणि साधारण सारख्या स्पीडला हवेत. खऱ्या विद्युत मार्गावरही शेजारशेजारचे २५ केव्हीचे सेक्शन वेगवेगळ्या फेजवर असतात. ते एकमेकांना जोडले जाऊ नयेत म्हणून मध्ये न्यूट्रल सेक्शन ठेवतात. तिथे ड्रायव्हर सर्किट ब्रेकर उघडून गाडी नुसत्या वेगावर पार नेतो.

डीसीसी नावाची नवी पद्धत आहे. त्यात रुळावर कायम वीज असते आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर आपल्या नंबरचा हुकूम तेवढा ऐकतो. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचे मिनिएचर रेल्वेचे म्युझियम १९९८ साली सुरू झाले. एवढ्या गाड्या एकत्र कशा चालवतात हे बघायचे असेल तर तिथे एकदा जाऊन याच. आपल्या बजेटमध्ये मात्र तीन कंट्रोलरच ठीक.

एक धोका सांगतो. कुणीतरी जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस लावायचे सुचवेलच. त्याच्या १२ व्होल्टच्या लाईनवर दहा-पंधरा ॲम्पिअर सहज मिळतात. गाडी घसरून शॉर्ट झाला की तो एवढा करंट ओतेल आणि प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतील. ऑटो पार्ट्सच्या दुकानातून १२ व्होल्ट २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब आणा आणि प्रत्येक लूपच्या सिरीजमध्ये टाका. शॉर्ट झाला की तो पेटतो आणि करंट पावणेदोन ॲम्पिअरवर थांबतो. कुठल्या लूपवर लोचा आहे तेही लांबून दिसते.

वायरिंग झाल्यावर रुपयाचे नाणे घ्या. इंजिनं उचलून ठेवा, कंट्रोलर फुल करा आणि नाणे दोन्ही रुळांवर आडवे ठेवत लूपभर फिरा. सगळीकडे बल्ब सारखाच पेटला पाहिजे. जिथे मंद होईल तिथे खडूने खूण करा आणि आणखी एक फीडर द्या.