बोरिवलीतले एक घर

स्थानिक क्रिकेट ज्या विनामोबदला श्रमांवर उभे असते, त्यांची नोंद धावफलकावर कधीच होत नाही. मॅटिंगवर, म्हणजे मातीच्या खेळपट्टीवर अंथरायच्या काथ्याच्या चटईवर, सामना खेळायचा असेल, तर कोणीतरी भल्या सकाळी येऊन ती सुरकुती न पडू देता ताणावी लागते, कडांना खिळे ठोकावे लागतात, चुन्याने क्रीझ आखावी लागते. आणि खेळाडू घरी गेल्यावर तेच हात ती गुंडाळून ठेवतात. पालघर जिल्ह्यातील बेटेगाव, बोईसर, तारापूर या पट्ट्यात मात्र या सेवेला आणखी एक अंग आहे, ते म्हणजे मुलाचे मैदानापासूनचे अंतर कमी करण्याचे.

पालघर जिल्हा २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला, तरी क्रिकेटच्या व्यवस्थेत हा भाग मुंबईशीच जोडलेला आहे. साहजिकच निवड चाचण्या आणि महत्त्वाच्या स्पर्धा यांसाठी येथील मुलाला खांद्यावर किट घेऊन मुंबई गाठावी लागते. बोईसर ते चर्चगेट हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर असून, विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल धावू लागली ती २०१३ मध्ये. त्यापूर्वी मोजक्या गाड्यांवरच भिस्त होती.

त्या काळात बोईसरच्या तारापूर विद्या मंदिराकडून खेळणाऱ्या शार्दुल ठाकूर या पालघरच्या मुलाचा खेळ बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी पाहिला आणि त्याला आपल्या शाळेत आणण्याचे ठरवले. दहावीच्या वर्षात रोजचा एवढा प्रवास झेपणार कसा, ही घरच्यांची अडचण रास्त होती. तेव्हा लाड यांनी त्याला स्वतःच्याच घरी ठेवून घेतले. पुढे हॅरिस शील्ड या मुंबईतील आंतरशालेय स्पर्धेत त्याने एका षटकात सहा षटकार मारले, आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताकडून ब्रिस्बेनच्या कसोटीत सात बळी व पहिल्या डावात ६७ धावा अशी मोलाची कामगिरी केली. याच लाड यांनी रोहित शर्माच्या शाळेच्या शुल्काचीही सोय लावली होती. २०२२ मध्ये त्यांना जीवनगौरव गटातील द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

या सेवेची परंपरा जुनी आहे. शिवाजी पार्कवर कामत मेमोरियल क्लब चालवणारे रमाकांत आचरेकर सचिन तेंडुलकरला आपल्या स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत, आणि वांद्र्याहून रोज ये-जा करण्यात दमणूक होऊ नये म्हणून सचिन शिवाजी पार्कजवळ राहणाऱ्या काका-काकूंकडे राहू लागला. खेळातील प्रतिभा गावोगाव असते, परंतु ती मैदानापर्यंत पोहोचेतो थकून जाऊ नये, याची काळजी कोणीतरी आपल्या घरातून, आपल्या वेळेतून वाहावी लागते.

बेटेगावसारख्या गावातील क्लबच्या कार्यकर्त्याचे मोल याच मापाने करायला हवे. चटई ताणणारा, मुलांना पहाटेच्या गाडीत बसवून देणारा, सामना लांबला तर परतीच्या गाडीपर्यंत सोबत थांबणारा माणूस क्रिकेटचा पायाच घालत असतो. क्लबच्या वार्षिक सभेत चषकांबरोबर अशा माणसाचेही नाव आदराने घेतले जावे, आणि त्याच्या हातची कामे पुढच्या पिढीने त्याच्या डोळ्यांदेखत वाटून घ्यावीत.