हातचा एक

सात, दोन, नऊ, चार. एवढं वाचून कागदावरची नजर काढा आणि हेच आकडे उलटे म्हणा. जमलं? आता सहा आकड्यांचं करून बघा. मधेच जीभ अडखळते. पुढचा आकडा शोधेपर्यंत हातातला निसटतो.

आकडे ऐकवून ते म्हणून घ्यायची ही पद्धत जुनी आहे. लंडनच्या जेकब्ज यांनी १८८७ मध्ये ती मांडली. आपल्याकडे धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली, १९४० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्या चाचणीतही मुलांना आकडे म्हणायला लावतात. परीक्षक सेकंदाला एक या बेताने, आवाजात चढउतार न करता आकडे सांगतो. मूल ते आधी सुलट म्हणतं, मग उलट.

सुलट म्हणताना आकडे नुसते धरून ठेवायचे असतात. ही लघुकालीन स्मृती. उलट म्हणताना ते धरूनही ठेवायचे आणि फिरवायचेही. ही कार्यकारी स्मृती. सत्तावीस अधिक अडतीस ही तोंडी बेरीज घ्या. सात नि आठ पंधरा, पाच मांडले, हातचा एक. दोन नि तीन पाच होईपर्यंत तो एक जिथे थांबतो ती जागा म्हणजे कार्यकारी स्मृती. लांब वाक्याच्या शेवटाशी त्याची सुरुवात जुळवायलाही तीच लागते. बॅडले आणि हिच या ब्रिटिश संशोधकांनी १९७४ मध्ये तिची मांडणी केली. त्याआधी, १९५६ मध्ये, जॉर्ज मिलर यांनी तात्पुरत्या स्मृतीची मर्यादा साधारण सात गोष्टींची सांगितली होती. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी ती चारच्या आसपास आणली.

एवढीशी जागा शिकवणी लावून वाढवता येईल का? अमेरिकेत १९८० च्या सुमारास एका विद्यार्थ्याने दीड-दोन वर्षं सराव करून सुमारे ऐंशी आकडे ओळीने म्हणून दाखवले. तो धावपटू होता. आकड्यांना शर्यतीच्या वेळांची रूपं देऊन तो त्यांचे गठ्ठे बांधायचा. पण आकड्यांऐवजी अक्षरं दिली की गाडी पुन्हा सहाच्या आसपास येऊन थांबायची. युक्ती पक्की झाली, जागा होती तेवढीच राहिली. म्हणून स्मरणशक्ती वाढवण्याच्या जाहिराती वाचताना मला प्रश्न पडतो, की मुळात ही जागा कशाने घडते?

उत्तराचा एक धागा पुणे जिल्ह्यातच सापडतो. शिक्रापूरहून नगर रस्त्याने पुण्याकडे निघालं की कोरेगाव भीमा लागतं आणि तिथून आत वढू बुद्रुक. सत्तरच्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी या भागात ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. त्याच केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये जिल्ह्यातल्या सहा गावांत गर्भवतींच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. त्यांचा मुख्य शोध मधुमेहाचा होता. रक्ताच्या नमुन्यांत मात्र वेगळीच गोष्ट दिसली: दोनतृतीयांश स्त्रियांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं.

हे जीवनसत्त्व भाजी-भाकरीत नसतं. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. माळकरी घरात अंडं शिजत नाही. गोठ्यात गाय असली तरी पहाटेची चरवी डेअरीवर जाते. चहापुरतं दूध मागे राहतं आणि घरातल्या सुनेच्या वाट्याला तेही शेवटी येतं. गर्भातल्या बाळाच्या मज्जातंतूंवर आवरण चढतं, त्याला ब-१२ लागतं.

त्या गर्भवतींची मुलं नऊ वर्षांची झाली, तेव्हा आईचं ब-१२ सगळ्यांत कमी असलेली आणि सगळ्यांत जास्त असलेली अशी शंभरच्या आसपास मुलं निवडून त्यांच्या चाचण्या घेतल्या. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले. सर्वसाधारण बुद्धिमत्तेत फरक नव्हता. पण कमी ब-१२ असलेल्या आयांची मुलं दोन ठिकाणी मागे पडली: एक, आकड्यांची वर्तुळं क्रमाने जोडण्यात, जिथे लक्ष टिकवावं लागतं, आणि दुसरं, आकडे उलटे म्हणण्यात. नऊ वर्षांपूर्वी आईच्या ताटात जे नव्हतं, त्याची खूण मुलाच्या हातच्यात उमटली होती. हे वाचल्यावर मला त्या मुलांना ‘लक्ष दे’ म्हणून रागावणारे आपण सगळे आठवलो.

एवढ्यावरून घाईने काही ठरवू नये. मुलं थोडी होती, आणि म्हैसूरच्या अशाच अभ्यासात ब-१२ चा संबंध दिसला नाही, फोलेट या दुसऱ्या ब-जीवनसत्त्वाचा दिसला. म्हणून पुण्याच्या गटाने पुढची पायरी गाठली. १९९३ च्या अभ्यासातली बाळं आता वयात आली होती. २०१२ पासून त्यांनाच, लग्नाआधीच, रोज दोन मायक्रोग्रॅम ब-१२ द्यायला सुरुवात केली. काहींना त्याच्या जोडीला इतर पोषक द्रव्यं दिली, तर तुलनेसाठी काहींना ब-१२ ऐवजी नुसती दिखाऊ गोळी. मुलींच्या बाबतीत हे बाळंतपणापर्यंत चालू ठेवलं. त्यांची बाळं दोन वर्षांच्या सुमाराला तपासली, तेव्हा नुसतं ब-१२ मिळालेल्या आयांची बाळं आकलनात आणि भाषेत पुढे होती. इथेही संख्या शंभराच्या आतच, शिवाय इतर द्रव्यांसकट दिलेल्या गटात तसा फरक दिसला नाही. तरी हा अभ्यास गोळी देऊन केलेला आहे, नुसती नोंद ठेवून नव्हे, म्हणून त्याचं वजन जास्त.

शाळेतल्या मुलींना आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत लोह आणि फोलिक ॲसिड, म्हणजे फोलेटच, असतं, ब-१२ नसतं. फोलेट भरपूर आणि ब-१२ कमी असलेल्या आयांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वाधिक असल्याचं याज्ञिकांच्याच गटाने दाखवलं आहे. रोजचे दोन मायक्रोग्रॅम ब-१२ म्हणजे काहीच नाही, आणि त्याला पैसाही फारसा लागत नाही. ते आठवड्याच्या हिशेबाने त्या गोळीत घालायला हवं, आणि मुलगी शाळेत असतानाच. लग्नानंतर, दिवस गेल्यावर सुरू करून उशीर होतो.