सुनेल्याचा कोन

जयपुरातील जवाहिऱ्यांवर लिहून पाठवा, असे संपादकांचे फर्मान आले तेव्हा त्यांच्या मनात पाचूच असणार. सवाई जयसिंगाने १७२७ साली नगर वसविले, ही हकीकत जोहरी बाजारात कोणीही सांगेल; माझे पाऊल अडले ते एका अरुंद गल्लीत, जेथे एक वृद्ध कारागीर सुनेल्याला, म्हणजे पिवळ्या स्फटिकाला, पैलू पाडीत बसला होता.

लाखेने काडीच्या टोकावर बसविलेला खडा तो फिरत्या चकतीवर टेकवी, लगेच उचली, अंगठ्याने पुसून उजेडाकडे धरी आणि पुन्हा टेकवी. पुष्पराग, म्हणजे टोपाझ, एका धक्क्याने ठरावीक पातळीत दुभंगतो. स्फटिकात तशी पातळीच नाही, म्हणून कारागिराला तो कोणत्याही अंगाने घासता येतो. मात्र कोनाच्या बाबतीत तो कमालीचा हट्टी. त्याचा अपवर्तनांक १.५४ ते १.५५, तेव्हा तळाचे पैलू सुमारे ४१ अंशांहून उथळ उतरले, की वरून शिरलेला प्रकाश परावृत्त न होता खालून निसटतो आणि खड्याच्या मध्यभागी निस्तेज खिडकी पडते. चपट्या तुकड्यातून वजन वाचविण्याच्या लोभाने असे असंख्य खडे बाजारात येतात. "वजन जाऊ द्या, बाबूजी, पाणी राहिले पाहिजे," एवढे बोलून म्हातारा पुन्हा चकतीकडे वळला. त्या हट्टापुढे मी मनोमन नतमस्तक झालो.

निसर्गतः पिवळा स्फटिक विरळा. बाजारातील बहुतेक माल मूळचा जांभळा, बराचसा ब्राझीलचा, आणि सुमारे ४५० अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक तापविल्यावर त्यातील लोहामुळे पिवळा झालेला. यात मला अप्रामाणिकपणा दिसत नाही. तो दिसतो पुष्कराजाच्या, म्हणजे पिवळ्या नीलमण्याच्या, नावाने फाडलेल्या पावतीत. पुष्कराजाची घनता ४ च्या आसपास, सुनेल्याची २.६५, सारख्या आकाराचा पुष्कराज दीडपट भरतो, एवढे गिऱ्हाइकाने तराजूवर पाहिले तरी पुष्कळ.

काठिण्य ७, म्हणून सुनेला अंगठीत बिनदिक्कत वापरावा. पण घरच्या धुळीतही स्फटिकाचेच कण असतात, तेव्हा कोरड्या फडक्याने घासू नये. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ कुंचला. हिऱ्यामाणकांपासून निराळी डबी. आणि सोनाराने डाग देण्यापूर्वी खडा कोंदणातून काढलाच पाहिजे, कारण एकाएकी लागलेल्या आचेने तो तडकतो.

खड्याची निगा अशी सोपी. माणसाची तशी नाही. स्फटिक घासताना उडणारी धूळ श्वासावाटे फुप्फुसात साचून सिलिकोसिस जडतो, आणि खंभातच्या अकीक घासणाऱ्यांत त्याने घातलेले थैमान सरकारदप्तरीही नमूद आहे. जयपुरच्या या गल्लीत पैलूंच्या चकतीवर पाणी ठिबकते, त्यामुळे धूळ बसते. पण कच्च्या तुकड्याला पहिला आकार देण्याची साण कोरडी फिरते आणि तिच्यावर काम करणारा पोर तोंडाला ओले फडके बांधतो. फडक्यात भरड कण अडतात. फुप्फुसात खोल उतरणारे बारीक कण निर्वेध आत जातात. धूळ ओढणारा पंखा होता तो मालकाच्या गादीमागे. साणेजवळ का नाही, असे विचारता त्याने विजेच्या बिलाची कैफियत मांडली, आणि ती संपेपर्यंत पोराने आणखी एक तुकडा साणेला लावला होता.